जुना गेम आता घ्यायचाय? मग हे वाचा

तीन-चार वर्षं जुना गेम आत्ता सुरू केला असं ग्रुपवर टाकलं की कोणीतरी बोलतोच, 'रे आता खेळतंस? सगळ्यांचा खेळान झाला.' झाला तर झाला. पहिल्या दिवशी घेणाऱ्यांनी पूर्ण पैसे मोजले, वर बग पण शोधून दिले, आपण सेलमध्ये घेऊन तोच गेम नीट चालताना खेळायचा.

सायबरपंक २०७७ बघा ना. डिसेंबर २०२० ला आला तेव्हा पीएस४ या सोनीच्या कन्सोलवर इतका बेकार चालत होता की सोनीने तो स्टोअरवरूनच काढला आणि पुढच्या जूनमध्ये परत ठेवला. मग सप्टेंबर २०२३ ला २.० अपडेट आला, त्यात पर्क्स (पात्राला मिळणारी खास कौशल्यं), पोलीस, सायबरवेअर (पात्राच्या अंगात बसवायची यंत्रं) सगळंच बदललं. त्यामुळे २०२० मधला 'बेस्ट बिल्ड'चा, म्हणजे पात्र कसं घडवायचं त्याचा व्हिडिओ बघून खेळायला बसलात तर त्यातली बरीच पर्क्स गेममध्ये सापडणारच नाहीत. जुन्या गेमसाठी काही शोधताना व्हिडिओची तारीख आधी बघायची, व्ह्यूज नंतर.

थांबायचं ते फक्त एकट्याने खेळायच्या गेमसाठी हां. ऑनलाईनवर चालणारा गेम तुमच्यासाठी थांबत नाही, द क्रू हा रेसिंग गेम २०१४ चा, त्याचे मार्च २०२४ अखेर सर्व्हर बंद केले आणि पैसे भरलेल्यांनाही तो खेळता येईना. असा गेम घेण्याआधी स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाईन दुकान) आत्ता किती जण खेळतायत ते बघा. अमंग अस सारखा मित्रांनी मिळून खेळायचा असेल तर मात्र चिंता नाही, चार डोकी जमली की झालं, आणि गणपतीत आरती झाल्यावर पडवीत चार डोकी जमतातच.

विकत घेताना नुसता बेस गेम घेऊ नका. विचर ३ ची कम्प्लीट एडिशन घेतली की दोन्ही मोठी एक्स्पान्शन्स (नंतर आलेले गोष्टीचे जादा भाग) त्यातच येतात, आणि सेलमध्ये भाव असा पडतो की वेगवेगळं घेण्यात काही अर्थच नाही. विशलिस्टमध्ये टाकून गप्प बसा, स्टीमचा समर सेल साधारण जूनच्या शेवटी लागतो, म्हणजे आपल्याकडे मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, बाहेर धो धो पाऊस, वेळच वेळ. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळून २ तासांपेक्षा कमी झाले असतील तर रिफंड मिळतो. पण ते दोन तास गेम आपल्या मशीनवर चालतो की नाही हे बघायला वापरा, गोष्ट आवडते का ते ठरवायला नको. रेड डेड रिडेम्प्शन २ ची सुरुवात बर्फात रखडत जाते, तेवढ्यावर परत केलात तर खरा गेम बघितलाच नाही.

आता खरी डोकेदुखी, डाउनलोड. रेड डेड २ ला पीसीवर १५० जीबी जागा लागते, दिवसाला २ जीबीच्या पॅकवर धरा अडीच महिने. फायबर असेल तर रात्री लावून झोपा, लाईट गेली तरी स्टीम जिथे थांबलं तिथून पुढे चालू करतं. नसेल तर चाकरमानी येतात तेव्हा काम साधून घ्या. मुंबईच्या भावाच्या लॅपटॉपवर तोच गेम असेल तर दोघांची मशीन एकाच राऊटरवर घ्या, स्टीमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली लोकल नेटवर्कवरून फाईल पाठवायचा ऑप्शन आहे, तो दोघांकडे चालू करा आणि मग तुमच्याकडे इन्स्टॉल दाबा, फाईल भावाच्या लॅपटॉपवरून येतात. गेम दोघांनी घेतलेला हवा, फुकटात नाही. आणि वायफायपेक्षा लॅनची वायर लावा राव, फरक कळेल.

खेळताना उशिरा आलेल्यांची एक खोड असते, एवढा वाट बघून घेतलाय तर काही सोडायचं नाही. विचर ३ मध्ये स्केलिगे बेटांवर पोचलात की मॅपवर समुद्रभर प्रश्नचिन्हं दिसतील, तिथे होडीने जायचं आणि तरंगणारी पिंपं शोधून चोरटा माल काढायचा, परत दुसरं प्रश्नचिन्ह, परत तेच. वैताग येतो. मॅपवरचा फिल्टर लावून ती चिन्हं सरळ बंद करून टाका. वेळ द्यायचाच तर वेलेन भागातल्या ब्लडी बॅरनच्या गोष्टीला द्या, तिथे संवाद स्किप करू नका. दोन एक्स्पान्शन्सपैकी हार्ट्स ऑफ स्टोन आधी, ब्लड अँड वाईन सगळ्यात शेवटी. आणि पावसात खेळत असाल तर ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नका, कुठल्याही मारामारीच्या आधी एफ५ दाबायचं, कारण इन्व्हर्टरवर पंखा चालतो, पीसी नाही.