हप्ते थकलेले घर लिलावाआधी स्वतः केव्हा विकावे?

गृहकर्जाचे हप्ते थकू लागले की बहुतेक कुटुंबे उसनवारी करून पुढचा हप्ता भरतात किंवा बँक काय करते याची वाट पाहत बसतात. बँकेच्या लेखी संमतीने घर स्वतः विकून कर्ज मिटवण्याचाही एक मार्ग आहे. परंतु तो एका ठरावीक दिवसापर्यंतच हमखास खुला असतो, आणि नेमका तो दिवस पुष्कळ कर्जदारांना ठाऊक नसतो.

म्हणून सर्वप्रथम तारखा मांडाव्यात. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला न्यायालयात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) खाली संपूर्ण थकबाकीची मागणी करणारी ६० दिवसांची नोटीस येते. तिच्यावर आपण लेखी हरकत घेतल्यास बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ६० दिवस उलटले की बँक ताबा घेऊ शकते. प्रारंभी बहुधा दारावर नोटीस लावून व वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सांकेतिक ताबा घेतला जातो, आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची मदत मागितली जाते. शेवटी लिलावाची जाहीर नोटीस निघते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) प्रमाणे, संपूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क ही लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरता येतील या समजुतीवर कोणीही विसंबू नये.

नागरी सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तसा निर्णय दिला. पतसंस्थेचे कर्ज असेल तर मात्र वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील दाखल्यावरून होते आणि तेथील मुदती निराळ्या असतात.

यानंतर कागद घेऊन हिशेब करावा. बँकेकडून कर्ज बंद करण्यासाठीची आजची पूर्ण रक्कम लेखी मागावी, कारण पासबुकातील बाकी आणि दंड व कायदेशीर खर्च धरून निघणारी रक्कम यांत बराच फरक असू शकतो. घराची किंमत ठरवताना शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा त्याच इमारतीतील अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या विक्रीचे किमतीसह उतारे, पाहावेत. उदाहरणादाखल, फ्लॅट ६० लाखांना जाईल, बँकेची बाकी ५२ लाख आहे आणि दलाली, सोसायटीची थकबाकी, वकिलाची फी यांवर दीड लाख खर्च होईल असे समजू. तर हाती साडेसहा लाख उरतात. व्याज ९ टक्के असेल तर ५२ लाखांवर ते महिन्याला ३९ हजार रुपये होते, म्हणजे निर्णय सहा महिने लांबवला की त्या साडेसहा लाखांतील सव्वादोन लाखांहून अधिक रक्कम व्याजातच जाते. तोच फ्लॅट लिलावात ५० लाखांना गेला तर घरही जाते आणि दोन लाखांसह लिलावाचा खर्चही आपल्याच डोक्यावर राहतो. ती तूट कर्जदाराकडून आणि जामीनदाराकडून वसूल करण्याचा अधिकार बँकेला आहे.

हा हिशेब समोर आला की निर्णय बराचसा स्पष्ट होतो. उत्पन्नातील अडचण तात्पुरती असेल, उदाहरणार्थ नवी नोकरी हाती असून पगार दोन महिन्यांनी सुरू होणार असेल, तर विक्रीची घाई करू नये. बँकेकडे कर्जाच्या पुनर्रचनेचा अर्ज करावा. कमाई कायमची घटली असेल आणि घराची किंमत कर्जापेक्षा जास्त असेल, तर माझ्या मते ६० दिवसांच्या नोटिशीचीही वाट पाहू नये. ग्राहक शोधणे, त्याचे कर्ज मंजूर होणे आणि नोंदणी होणे यांत तीन-चार महिने सहज जातात. शिवाय वर्तमानपत्रात ताब्याची जाहिरात आलेल्या घराचा भाव ग्राहक पाडूनच मागतो.

सर्वांत अवघड स्थिती म्हणजे कर्ज किमतीपेक्षा मोठे असणे. बाकी ६२ लाख आणि ग्राहक ५५ लाखांचा असेल, तर विक्रीपूर्वी बँकेशी एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकांना अशा तडजोडींसाठी संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण ठेवावे लागते, परंतु तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे केवळ गाऱ्हाणे मांडून भागत नाही. अर्जासोबत उत्पन्नाचे पुरावे, आजारपणाची कागदपत्रे, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि खऱ्या ग्राहकाचे लेखी प्रस्तावपत्र जोडावे. मंजुरीपत्रात तीन गोष्टी शब्दशः आहेत का ते पाहावे: उरलेली रक्कम पूर्णपणे सोडली जाईल, जामीनदारही मोकळा होईल आणि पैसे अमुक तारखेपर्यंत भरायचे आहेत. ती तारीख चुकली तर तडजोड सहसा रद्द होते, म्हणून ग्राहकाचे कर्ज कधी सुटेल याचा अंदाज घेऊनच मुदत मागावी. सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, अशा खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढील कर्ज मिळणे काही वर्षे कठीण होते, हे घरातील सर्वांनी आधीच समजून घ्यावे.

बँकेची लेखी संमती हाती येण्यापूर्वी ग्राहकाकडून टोकन घेऊ नये. कलम १३(२) ची नोटीस मिळाल्यावर संमतीविना घर विकण्यास कायद्याने मनाई आहे आणि उल्लंघनास शिक्षेची तरतूदही आहे. बँकेतील एखाद्या अधिकाऱ्याचा फोनवरचा होकार ही संमती नव्हे. साठेखतात कर्जाचा स्पष्ट उल्लेख करावा आणि ग्राहकाचे पैसे आपल्या हाती न घेता थेट कर्जखात्यात जमा होतील असे लिहावे. यात ग्राहकाचाही विश्वास वाढतो. सोसायटीची थकबाकी भरून ना हरकत दाखला घेण्याचे काम याच काळात उरकावे.

किंमत फारच खाली आणण्यापूर्वी रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला, दर पाहावा. विक्री किंमत त्या मूल्याहून फार कमी ठरली, म्हणजे ते मूल्य विक्री किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक निघाले, तर प्राप्तिकरासाठी रेडी रेकनरचीच किंमत धरली जाते, आणि हाती न आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो.

पैसे भरले गेल्यावर कर्ज पूर्ण मिटल्याचा दाखला घ्यावा आणि सेरसाईवरील (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतील) व दुय्यम निबंधकांकडील गहाणाची नोंद उतरवून घ्यावी. मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे बँकेला बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते.