हेडलेस सर्व्हरसाठी रनटाइम पॅकेज करताना या चुका टाळा

हेडलेस म्हणजे स्क्रीन नसलेला सर्व्हर. स्क्रीनच नाही, मग ग्राफिक्स कशाला, असं म्हणून रनटाइममधलं, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या जावासारख्या संचातलं, चित्रांशी संबंधित सगळंच छाटून टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. खिडकी उघडणं वेगळं आणि चित्र काढणं वेगळं. इनव्हॉइसचे पीडीएफ, चार्ट, थंबनेल हे तर सर्व्हरवरच तयार होतात. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोने (लिनक्सच्या एका तयार वाणाने) जावाची वाटणी याच रेषेवर केली आहे: हेडलेस जेआरईमध्ये (जावाच्या रनटाइममध्ये) एक्स विंडोशी, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेशी, बोलणारी लायब्ररी नसते, पण मेमरीत चित्र काढणारा भाग शाबूत असतो.

खरा घात होतो फॉन्टपाशी. सर्व्हिस नीट सुरू होते, लॉग स्वच्छ असतो. पहिला रिपोर्ट काढायला गेलं की जावाच्या फॉन्टकॉन्फिगरेशन क्लासमधून एक्सेप्शन, म्हणजे एरर. कारण असं की लिनक्सवर ओपनजेडीके (जावाची ओपन सोर्स आवृत्ती) लिबफॉन्टकॉन्फिग या फॉन्ट शोधणाऱ्या लायब्ररीला आधीपासून लिंक होत नाही, चालू असताना डीएलओपन या कॉलने ती उघडतं. त्यामुळे लिंक झालेल्या लायब्ररी दाखवणाऱ्या एलडीडीच्या यादीत ती दिसत नाही आणि पॅकेजला लागणाऱ्या लायब्ररी आपोआप नोंदवणाऱ्या डीपीकेजी-एसएचलिबडेप्सच्याही हाती लागत नाही. अशी डिपेन्डन्सी पॅकेजच्या कंट्रोल फाइलमध्ये (माहितीपत्रकात) हातानेच लिहावी लागते. संशय आला तर प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं एसट्रेस लावा आणि फाइल उघडणाऱ्या ओपनअ‍ॅट कॉलचे ईएनओईएनटी, म्हणजे ‘फाइल नाही’चे एरर, बघा. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. जी लायब्ररी एकेका फोल्डरमध्ये शोधूनही शेवटपर्यंत सापडली नाही, ती आपली. लायब्ररी आली तरी निदान एक फॉन्ट लागतोच. तो ‘रेकमेंड्स’मध्ये, म्हणजे पॅकेजच्या ऐच्छिक शिफारशींत, ठेवून निर्धास्त राहू नका, सर्व्हरवाले रेकमेंड्स बंद करूनच इन्स्टॉल करतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे नव्याकोऱ्या डिस्ट्रोवर बिल्ड करणं. उबुंटू 22.04 मध्ये जीलिबसी (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) 2.35 आहे, रेड हॅट 8 मध्ये 2.28. उबुंटूवर बनवलेली बायनरी (तयार प्रोग्राम) रेड हॅटवर आणली की ‘जीलिबसी 2.34 नॉट फाउंड’ असलं काहीतरी ऐकून घ्यावं लागतं. जुन्यावर बिल्ड केलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. म्हणून ज्यांना सपोर्ट द्यायचा त्यांतल्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर बिल्ड करा. अल्पाइन या छोट्या डिस्ट्रोचं पॅकेज वेगळंच काढा, तिथे जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते.

इन्स्टॉल होताना प्रश्न विचारणारी पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट (पॅकेज बसवल्यावर आपोआप चालणारी) लिहू नका. उत्तर द्यायला समोर कोणी नसतं.

लोकॅलचं, म्हणजे भाषा आणि अक्षरसंचाच्या सेटिंगचं, दुखणं उशिरा कळतं. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनखाली ते सेटिंग सांगणारं लँग व्हेरिएबल बहुधा सेट नसतं. जावा 18 पासून डीफॉल्ट अक्षरसंच यूटीएफ-8 झाला खरा, पण फाइलींची नावं अजूनही लोकॅलप्रमाणेच वाचली जातात आणि इंग्रजीबाहेरची अक्षरं असली की प्रश्नचिन्हं उमटतात. सर्व्हिस फाइलमध्ये लँगसाठी सी.यूटीएफ-8 लिहून टाका.

टेस्ट डेस्कटॉप असलेल्या लॅपटॉपवर घेऊ नका, ती पास होणारच. रिकाम्या कंटेनरमध्ये घ्या, आणि नुसती आवृत्ती छापून थांबू नका. अक्षरं असलेलं एक पीएनजी काढून बघा. सर्व्हरवर तपासत असाल तर एसएसएचचं (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या साधनाचं) एक्स फॉरवर्डिंग, म्हणजे सर्व्हरच्या खिडक्या आपल्या स्क्रीनवर आणणारी सोय, बंद आहे ना, तेही पाहा. ते चालू असेल तर डिस्प्ले व्हेरिएबल सेट होतं, आणि जावा 8 त्याच्या भरवशावर स्क्रीन आहे असं समजून हेडलेस पॅकेजमध्ये नसलेली लायब्ररी शोधत बसतं.