टोनिंग असलेल्या चांदीच्या नाण्याचा खरा रंग फोटोत कसा आणावा

हातात धरलं की निळं, जांभळं, सोनेरी झळकणारं नाणं फोटोत राखाडी आणि मळकट दिसतं, ही तक्रार सगळ्यांचीच असते. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो: प्रकाश मऊ करा, नाण्याभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू उभारा. टोनिंग, म्हणजे चांदीवर काळानुसार चढलेली रंगीत झाक, असलेल्या नाण्यासाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे. मी तो वर्षभर पाळला आणि त्या वर्षातला एकही फोटो आज ठेवण्याजोगा नाही.

मांडणी पटकन सांगतो. कॅमेरा स्टँडवर, लेन्स सरळ खाली, ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणारी) लेन्स असली तर उत्तम. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १००, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), दोन सेकंदांचा टायमर. अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/५.६ ते एफ/८; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. इतक्या जवळून एफ/१६ वर गेलात तर बारीक रेषा बोथट होतात. कॅमेरा नाण्याला समांतर आहे का हे पाहायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधोमध दिसलं की झालं. नाणं कडेनेच धरा आणि काहीही झालं तरी पुसू नका.

आता दिवा. सगळी अडचण इथेच आहे.

टोनिंगचा रंग शाईसारखा नाही. चांदीवर गंधकाच्या संयुगाचा अतिशय पातळ, पारदर्शक थर बसतो. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून आणि खालच्या चांदीवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, आणि त्यातून काही रंग मावळतात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्यामागेही हेच कारण आहे. थर जाड होत जातो तसा आधी पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा. म्हणून हा रंग आरशासारख्या थेट परावर्तनातच दिसतो. दिव्याचा किरण नाण्यावर आपटून सरळ लेन्समध्ये शिरला तर रंग येईल. बाजूला गेला तर नाणं काळपट दिसेल. तंबूत प्रकाश सगळीकडून येतो, त्यामुळे रंग थोडाफार उमटला तरी नाण्याची झळाळी पार मरते आणि रंग फिक्या धुक्याखाली गेल्यासारखा वाटतो.

एक दिवा लावा, नाणं हातात घेऊन हळूहळू कलतं करा. ज्या कोनात रंग पेटतो तो लक्षात ठेवा. कॅमेऱ्याखाली नाणं आडवंच राहणार, म्हणून तो कोन दिव्याने साधायचा: दिवा जितका उंच आणि लेन्सच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. दिवा खाली टेबलाच्या पातळीला आणला तर नक्षीचा उठाव छान दिसतो, पण रंग गेला. सुरुवात एकाच दिव्याने, नाणं घड्याळाची तबकडी मानली तर १० च्या जागी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर ठेवून दिवा एकेक सेंटिमीटर सरकवा. घाई करू नका, एवढ्याशा सरकण्याने अख्खी निळी पट्टी येते किंवा जाते. पहिला दिवा जमला की दुसरा २ च्या जागी. चकाकी फारच टोचत असेल तर ट्रेसिंग पेपर दिव्यावर लावा, नाण्याभोवती नाही.

आरशासारख्या गुळगुळीत प्रूफ नाण्याला (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्याला) हेही पुरत नाही. तिथे लेन्स आणि नाण्याच्या मध्ये ४५ अंशात पातळ, स्वच्छ काच धरा आणि दिवा बाजूने त्या काचेवर टाका; प्रकाश काचेवरून सरळ खाली उतरतो आणि परतताना काचेतून वर लेन्समध्ये जातो. काचेच्या पलीकडे काळं कापड हवं. बराचसा प्रकाश वाया जातो, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. पण साध्या, झळाळीच्या नाण्यावर ही युक्ती वापरू नका. उठाव सपाट होतो आणि हातात कधी दिसणार नाही इतका रंग फोटोत येतो. नाणं विकायचं असेल तर ही सरळ फसवणूक ठरते. माझ्याकडे एकदा अशाच फोटोवर घेतलेलं नाणं आलं होतं. पाकीट उघडल्यावर जे वाटलं ते दुसऱ्या कुणाला वाटू नये.

दिवे दोन्ही एकाच जातीचे, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, कमाल १००) ९५ च्या पुढचे. खोलीतला दिवा बंद, खिडकी बंद. अंगात लाल किंवा पिवळा शर्ट नको, चकचकीत नाण्यात तो उतरतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या छटेप्रमाणे रंग जुळवण्याची सेटिंग, कधीही ऑटोवर सोडू नका. निळं नाणं पाहिलं की कॅमेरा निळा काढून टाकायला बघतो आणि नेमकं जे टिपायचं तेच घालवतो. नाण्याच्या जागी, त्याच दिव्याखाली ग्रे कार्ड (रंगछटा नसलेलं राखाडी कार्ड) ठेवून मोजा. नाण्यावरची 'पांढरी' जागा निवडून रंग जुळवणं तर मुळीच नको, कारण ती जागा पांढरी असेलच याची खात्री नसते.

एक्सपोजर (फोटोत येणारा एकूण प्रकाश) किंचित कमी ठेवा. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतला अंधार-उजेड दाखवणाऱ्या आलेखात, लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे पाहा. लाल उजवीकडे कापला गेला की सोनेरी कडा पांढरी पडते आणि ती परत येत नाही.

सॅच्युरेशनला, म्हणजे रंग गडद करणाऱ्या सेटिंगला, हात लावू नका. रंग कमी वाटला तर पुन्हा दिव्याकडे जा. त्याच दिव्याखाली नाणं हातात कलतं धरा आणि पडद्यावरच्या फोटोशी ताडून पाहा. नाणं पडद्यापेक्षा जास्त खुललं पाहिजे, उलट नाही. फाइल एसआरजीबीमध्ये (बहुतेक पडद्यांवर रंग नीट दिसतात त्या रंगपद्धतीत) काढा.

नाणं प्लास्टिकच्या सीलबंद डबीत असेल तर एका कडेखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. डबी जराशी कलली की प्लास्टिकवरची चकाकी बाजूला होते. मात्र या कलण्याने रंगाचा कोनही बदलतो, तेव्हा दिवा पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागेल.