माळ्यावरचं दप्तर संग्रहात कसं आणावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर नाहीतर देवघराच्या फडताळात कापडात बांधलेले कागद अजून निघतात. दप्तराच्या बोलीत अशा गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. घर पाडायचं ठरलं की त्याची आठवण होते, आणि मग रद्दीवाला आणि वाचनालय यांच्यात जो आधी पोचेल त्याचा तो होतो. हा लेख त्या दुसऱ्या पक्षासाठी आहे: गावातलं वाचनालय, शाळा, मंडळ किंवा छोटी संस्था चालवणाऱ्यांसाठी. एक कोरडी खोली, एक जाड नोंदवही आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर सुरुवात होते.

आधी काय घेणार ते ठरवा

एका पानावर लिहून काढा: कुठल्या तालुक्यांतलं, कुठल्या काळातलं, कशाबद्दलचं. शहापूर-वडगावच्या विणकरांचे हिशेब, निपाणीच्या तंबाखू वखारींच्या वह्या, गणेशोत्सव मंडळांची इतिवृत्तं, 1924 च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाच्या पावत्या, 1956 नंतरच्या सीमालढ्याची हस्तपत्रकं आणि तुरुंगातली पत्रं, यांतलं तुम्हाला काय सांभाळता येईल? हे पान हाताशी असलं की नकार देणं सोपं जातं. नकार द्यावाच लागतो. छापील पुस्तकांचे संच, सहज मिळणारी मासिकं, झेरॉक्सच्या फायली घेत बसलात तर वर्षभरात खोली भरेल आणि हस्तलिखितांना जागा उरणार नाही.

पहिल्या भेटीत काही उचलू नका

पहिल्यांदा जाताना टेम्पो घेऊन जाऊ नका. बसा, चहा घ्या, घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला बोलतं करा. बहुतेक वेळा ती आजी किंवा आक्का असते. कागद कोणी जपले, कुठून आले, कोणाच्या हातचं लिहिणं, हे तिलाच ठाऊक असतं. परवानगी असेल तर मोबाईलवर बोलणं ध्वनिमुद्रित करा. फोटोतल्या माणसांची नावं त्याच दिवशी विचारून घ्या, पुढच्या वर्षी सांगायला कोणी असेलच असं नाही.

मग प्रश्न येतो, “न्या की, पण परत देताय न्हवं?” याचं उत्तर गुळमुळीत देऊ नका. मार्ग तीनच आहेत: कायमचं दान, ठरावीक मुदतीसाठी ठेव, किंवा स्कॅन करून मूळ कागद परत. कोणता मार्ग हे घरच्यांनी ठरवायचं, आणि घरचे म्हणजे सगळे. पुण्या-मुंबईला असलेल्या भावाला विचारलं नसेल तर त्याला फोन होईपर्यंत थांबा. जमिनीचा वाद कोर्टात असेल तर त्या जमिनीचे मूळ कागद मुळीच स्वीकारू नका. स्कॅन करा आणि लगेच परत द्या.

गाठ सोडण्याआधी

रुमाल बांधलेला असतानाच त्याचा फोटो काढा, मग सोडा, आणि प्रत्येक थर दिसेल तसा फोटो काढत जा. आतला क्रम विस्कटलेला वाटला तरी तो कोणीतरी लावलेला असतो. लग्नाच्या खर्चाच्या यादीत कर्जरोखा खोचलेला असेल तर बहुधा ते कर्ज त्या लग्नासाठीच काढलेलं असतं. कागद वेगळे केले की ही ओळख पुसली जाते, आणि यादीत फक्त दोन सुटे कागद उरतात.

भाषेप्रमाणे वाटणी करू नका

आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एकाच घराच्या रुमालात मोडीतलं खरेदीखत, देवनागरीतली पावती, इंग्रजीतली कोर्टाची नोटीस आणि नंतरची कन्नडमधली पहाणी (जमिनीचा आणि पिकाचा उतारा) सापडते. उत्साही कार्यकर्ता मराठी आपल्याकडे ठेवतो, कन्नड “त्यांचं” म्हणून बाजूला काढतो, मोडी कोणाला वाचता येत नाही म्हणून पुण्याला धाडतो. झालं! एका शेताचा शंभर वर्षांचा इतिहास तीन ठिकाणी गेला. 1956 मध्ये राज्य बदललं तेव्हा त्या घराच्या व्यवहाराची भाषा कधी आणि कशी बदलली, हे तो अख्खा रुमाल एकत्र असेल तरच दिसतं. माझ्या मते सीमाभागातल्या संग्रहाची खरी किंमत तिथेच आहे. सीमेवर भाषणं पुष्कळ झाली, पण घराघरात काय घडलं त्याची नोंद या गठ्ठ्यांतच सापडते. कन्नड वाचणारा शेजारी आणि मोडी वाचणारा जाणकार दोघांनाही खोलीत बोलवा. कागद मात्र खोलीतच राहू द्या.

मोडी वाचता येत नाही म्हणून नोंदणी अडवूनही ठेवू नका. “मोडी, 14 पाने, वरच्या बाजूला शिक्का” एवढी नोंद सुरुवातीला पुरे. तारीख मात्र दिसेल तशीच उतरवा. जुन्या कागदांवर शक, फसली, शुहूर अशा वेगवेगळ्या कालगणना असतात. शकात साधारण 78, फसलीत 590 आणि शुहूरमध्ये 599 मिळवले की इसवी सन निघतो. वर्षारंभ वेगवेगळे असल्यामुळे एक वर्ष इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून काढलेला सन कंसात, मूळ तारखेच्या शेजारी लिहा.

दानपत्र आणि पोच

कागद हातात आले त्याच दिवशी साधी पोच द्या, मग सवडीने दानपत्र करा. त्यात देणाऱ्याचं नाव, काय दिलं, कोणत्या अटीवर, कोणाला केव्हापासून बघता येईल, आणि नको असलेल्या कागदांचं काय करायचं, हे स्पष्ट असावं. एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. घरात आलेल्या पत्राचा कागद घरच्यांचा, पण मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लिखाणावर हा हक्क सर्वसाधारणपणे त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, अप्रकाशित पत्रांवर तो त्याहूनही जास्त काळ टिकू शकतो. म्हणजे पत्रं जपता येतील, पण छापण्यापूर्वी विचारावं लागेल.

सीमालढ्याच्या कागदांत पोलिसांच्या नोटिसा आणि सत्याग्रहींच्या याद्या असतात. त्यांतली काही माणसं हयात असतात. अशा पाकिटावर “अमुक सालापर्यंत बंद” असं लिहून ती तारीख दानपत्रातही घाला. परदेशी असलेला नातू मूळ पोथी सोबत नेतो म्हणाला तर सांगा, की 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली ऐतिहासिक महत्त्वाची 75 वर्षांहून जुनी हस्तलिखितं परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

पाऊस, कसर, वाळवी

खानापूरच्या पावसात कागद हलवू नका. पावसाळ्यात भेटी आणि बोलणी उरका, रुमाल दिवाळीनंतर आणा. आलेला रुमाल थेट कपाटात न ठेवता काही आठवडे वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर ठेवा. त्यावर ताजा भुगा पडला तर आत जिवंत कीड आहे. मग गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नये. काचेच्या निगेटिव्ह आणि फोटो मात्र फ्रीझरमध्ये घालू नका. डांबराच्या गोळ्यांनी कीड फार तर लांब जाते, तिथे बसून काम करणाऱ्याचं डोकं मात्र धरतं. उन्हात वाळवणं तर नकोच, शाई उडते. धूळ मऊ ब्रशने, आतून बाहेर. गंजलेल्या टाचण्या काढा. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांना खोलीत प्रवेश नाही.

खोलीत आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र टांगा. आकडा 65 टक्क्यांवर टिकला की बुरशी येते.

नोंदवही

प्रत्येक आवकेला एक क्रमांक, उदाहरणार्थ 2025/7. पुढे तारीख, देणारा, मूळ गाव, किती रुमाल, कुठल्या लिप्या, स्थिती, अटी, कपाट आणि फळी. तोच क्रमांक मऊ पेन्सिलीने कागदाच्या मागच्या कोपऱ्यात. बॉलपेन नाही, रबरी शिक्का तर नाहीच. संगणकावर यादी जरूर करा, पण शाईची वहीही ठेवा.

यादी झाली की तिची प्रत आणि काही स्कॅन घरी नेऊन द्या. फोनवर पाठवून भागत नाही. यादी समोर बसून वाचली की कोणीतरी आठवून म्हणतं, धाकट्या मामाकडे अजून एक ट्रंक आहे. ती आली तर तिला नवा आवक क्रमांक द्या आणि शेऱ्यात पहिल्या क्रमांकाचा उल्लेख करा. पहिल्याच रुमालात ती गुपचूप मिसळू नका.