तेराची चौदा: जुन्या सॅन्ट्रोची चाकं बदलताना

"मामा, बदलायचंच हाय तर पंधरा इंची घाल की! गाडी कशी दिसंल बघ."

भाचा हे म्हणाला तेव्हा मी अंगणात बसून सॅन्ट्रोच्या चौथ्या डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या चाकाच्या पत्र्याचा गंज खरवडत होतो. गाडी २००६ ची. बेळगावच्या वडगावातून जांबोटीच्या बाजूला गावाकडं माझी दर पंधरवड्याला एक फेरी असते. पावसाळ्यात सोमवारी भरलेली हवा गुरुवारी अर्धी व्हायची. टायर चांगले होते, पंक्चर नव्हतं. डिस्कच्या कडेला, जिथं टायरची कड बसते तिथं गंजाचे पोपडे धरले होते आणि तिथूनच हवा जायची. दोनदा घासून रंग मारला, तेवढ्यापुरतं थांबलं. म्हणजे डिस्क बदलायच्याच होत्या, म्हणून तेरा इंचीच्या चौदा इंची केल्या. दिसण्यासाठी नाही केलं असं सांगितलं तर बायको हसेल, पण मुख्य कारण हेच.

उद्यमबागेत मी बावीस वर्षं लेथवर काढली. त्यामुळं चाक बघितलं की आधी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी आठवते. चाकाच्या दुकानात मात्र लोक फोटो बघून चाक घेतात आणि मापं घरी येऊन कळतात.

पहिलं माप घेराचं. सॅन्ट्रो झिंगचा टायर १५५/७० आर १३. १५५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ७० म्हणजे त्या रुंदीच्या सत्तर टक्के रबराची उभी भिंत, म्हणजे १०८.५ मिमी. १३ इंच ही डिस्क, म्हणजे ३३०.२ मिमी. भिंत वर आणि खाली दोनदा धरायची. बेरीज ५४७ मिमी, हा चाकाचा पूर्ण व्यास. डिस्क कितीही मोठी घ्या, हा आकडा फार हलू द्यायचा नाही. दोन टक्क्यांच्या आत राहिला तर झोप नीट लागते.

चौदासाठी वॅगन-आरचा १५५/६५ आर १४ घेतला. त्याचा व्यास ५५७ मिमी, फरक पावणेदोन-दोन टक्के. हा टायर आमच्याकडं कुठल्याही दुकानात मिळतो आणि त्याचा भार निर्देशांकही जुन्यासारखाच ७५ आहे, म्हणजे प्रत्येक टायर ३८७ किलो उचलतो. दुकानदार बहुतेक वेळा १६५/६५ आर १४ पुढं करतो, कारण तो शिल्लक असतो. त्याचा व्यास ५७० मिमी, फरक चार टक्क्यांच्या वर. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ वर असेल, पिकअप मंद वाटेल आणि पुढच्या चाकाला मडगार्डाचं प्लॅस्टिक लागायची शक्यता वाढेल.

इथंच एक गैरसमज मोडतो. डिस्क एक इंचानं वाढली की गाडी एक इंच वर येते असं निम्म्या लोकांना वाटतं. गाडी उचलली जाते ती व्यासाच्या फरकाच्या निम्म्यानं. माझी उचलली पाच मिलिमीटर! कुसमळीच्या पुढं रस्त्यात जे खड्डे पडतात त्यांना पाच मिलिमीटरचं काय कौतुक. डिस्क वाढली तेवढं रबर कमी झालं, हेच खरं. तेराला १०८ मिमी भिंत होती, चौदाला १०१ राहिली. भाच्याच्या पंधरा इंचीला घेर सांभाळायचा तर १६५/५० घ्यावा लागतो आणि भिंत उरते साडेब्याऐंशी. कणकुंबीच्या वळणावर पाण्यानं भरलेला एक खड्डा चुकला की मधलं रबर चेपून डिस्कची कड थेट दगडावर. म्हणून जुन्या छोट्या गाडीला एक इंच वाढवा आणि तिथंच थांबा, असं माझं मत. ज्याला फक्त क्लब रोडवरच फिरायचं आहे त्यानं आपलं बघावं.

आता डिस्क. मी एका जुन्या सामानाच्या दुकानातून अलॉयचा, म्हणजे मिश्रधातूच्या डिस्कचा वापरलेला सेट घेतला, चौदा इंच व्यास, साडेपाच इंच रुंदी. अशा डिस्कमध्ये चार गोष्टी बघायच्या.

नटांच्या भोकांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी. सॅन्ट्रोचं ४ बाय १००, म्हणजे चार भोकं आणि त्यांचं वर्तुळ १०० मिमीचं. चार भोकांच्या चाकाला हे मोजणं सोपं: एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत व्हर्नियर लावा, तेच माप. जुन्या मारुती ८०० चं ११४.३ असतं, ते बसतच नाही, म्हणून त्यात धोकाही नाही. धोका आहे तो फियाट पालिओच्या ९८ चा. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, नट ओढून ओढून बसवताही येतो आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो ते आट्यांचे दांडे, कायमचे वाकड्या ताणात राहतात. "बसलं की ओ" असं कुणी म्हटलं तरी स्वतः मोजा.

दुसरं ऑफसेट. डिस्कच्या मागच्या बाजूला ईटी आणि पुढं आकडा कोरलेला असतो. हबला, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसतं त्याला टेकणारा पृष्ठभाग डिस्कच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, तो हा आकडा. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा जुनी डिस्क पाच इंच रुंद, ईटी ४५ आणि नवी साडेपाच इंच, ईटी ३८. अर्ध्या इंचापैकी सहा मिमी बाहेरच्या बाजूला गेली, ऑफसेटमुळं आणखी सात. चाकाची बाहेरची कड तेरा मिमी बाहेर आली आणि आतली जवळजवळ होती तिथंच राहिली. एवढं चालतं. ईटी २० वगैरेची डिस्क लावून चाक मडगार्डाबाहेर काढणाऱ्यांची बेअरिंग लवकर घरघरायला लागतात आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर चिखल जातो.

तिसरं मधलं भोक. माझी फजिती इथं झाली. सॅन्ट्रोच्या हबचा मधला गोल ५४.१ मिमीचा. माझ्या अलॉयचं भोक ६७.१. बाजारातल्या अलॉयना भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच डिस्क दहा गाड्यांना बसते. विकणारा म्हणाला, नट कोनाचे आहेत, आपोआप मध्यावर येतंय. मीही मान डोलावली. बावीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसानं! निपाणीकडं निघालो, हत्तरगीचा टोलनाका मागं पडला, काटा ८० वर गेला आणि स्टिअरिंग पिठाच्या चाळणीसारखं हलायला लागलं. ६० ला बंद, ८० ला परत सुरू. बॅलन्सिंग दोनदा करून घेतलं, फरक नाही. शेवटी जॅकवर चाक चढवून डायल गेज लावला तेव्हा दिसलं, चाक मध्यावर नव्हतंच.

उपाय म्हणजे हबरिंग. डिस्कच्या भोकात बसणारी आणि आतून हबवर चपखल चढणारी कडी. प्लॅस्टिकच्या तयार मिळतात, त्याही चालतात. मी जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या चार टर्न केल्या. कुणाला करून घ्यायच्या असतील तर टर्नरला तीन गोष्टी सांगा. बाहेरचा व्यास भोकापेक्षा मिलिमीटरचे पाच-सात शतांश कमी, म्हणजे हातानं दाबून बसेल, ठोकावी लागणार नाही. आतला व्यास पुस्तकातून नको, तुमच्याच हबवरचा गंज काढून मोजून घ्या. आणि आतल्या कडेला एक मिलिमीटरची तिरपी घासणी ठेवा, कारण हबच्या मुळाशी कोपरा गोल असतो. तिथं रिंग अडली तर डिस्क हबवर सपाट टेकत नाही आणि पहिल्यापेक्षा वाईट होतं. रिंग बसवल्यावर त्याच रस्त्यावर त्याच वेगाला गेलो. स्टिअरिंग गप्प.

चौथे नट. ह्युंदाईचे आटे १२ बाय १.५, म्हणजे स्टड १२ मिमी जाड आणि एका फेऱ्याला नट दीड मिमी पुढं; मारुतीचे १२ बाय १.२५. ढिगातून उचललेला मारुतीचा नट ह्युंदाईच्या स्टडवर दोन आटे जातो, मग अडकतो. तिथं पाना मारला की स्टड गेला. नट नेहमी बोटांनी सुरू करायचा आणि निदान आठ पूर्ण फेरे बसतो का ते मोजायचं. आठ फेरे म्हणजे बारा मिलिमीटर पकड, स्टडच्या जाडीएवढी. कमी भरले तर डिस्कची जाडी त्या स्टडला जास्त होते.

बसवण्याचं काम तासाभराचं. हँडब्रेक, पहिला गिअर, समोरच्या चाकाला दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. हबचा गंज तारेच्या ब्रशनं पार काढा आणि मधल्या गोलाच्या कडेला ग्रीसचं नुसतं बोट फिरवा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात डिस्क चिकटून बसणार नाही. स्टडला आणि नटाच्या कोनाला ग्रीस अजिबात नको. नट समोरासमोरच्या जोडीनं आवळा. शेवटची आवळणी गाडी खाली घेऊन, नऊ ते अकरा किलोग्रॅम-मीटर. टॉर्क पाना नसेल तर अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर, तेवढंच. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर परत एकदा आवळा. अलॉय थोडं बसतं आणि नट ढिले पडतात.

मग लागतंय की नाही ते बघणं. पंक्चरवाल्या पोरानं माझी गाडी रिकामी असतानाच स्टिअरिंग पूर्ण फिरवून "बडीतैत्री" असं जाहीर केलं होतं. म्हणजे आपटतंय. आपटत नव्हतं, वायरिंगची एक सुटलेली क्लिप टायरला घासत होती. पण रिकाम्या गाडीवरून निकाल देऊ नये, ना तसा ना असा. गणपतीची उरलेली शाडू माती मळून मडगार्डाच्या आतल्या कडेला बोटभर थर चारही चाकांवर चिकटवा. मी मागं तांदळाच्या पन्नास किलोच्या दोन पिशव्या टाकल्या, भाच्याला आणि त्याच्या दोन दोस्तांना बसवलं आणि पिरनवाडीपर्यंत प्रत्येक गतिरोधकावरून जाऊन आलो. वळताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण तोडलं. परत येऊन माती बघितली. पुढं डावीकडं नखाएवढा ओरखडा होता, प्लॅस्टिकच्या लायनरचा स्क्रू आत घेतल्यावर तोही गेला. मागं काही नाही. मातीवर खोल चर पडली असती तर टायर परत दिला असता. मडगार्डाची कड ठोकून आत वळवणारे मिस्त्री आहेत, पण तिथला रंग तडकतो आणि खानापूरच्या पावसात वर्षभरात गंज धरतो. परत गंजच.

कायद्याचं टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. दुकानात "सगळे घालतात" हे ऐकायला मिळेल. अपघाताच्या वेळी विमा कंपनीचा सर्व्हेअर ते ऐकणार नाही. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीनं मोठं चाक दिलं असेल तर तोच आकार घ्या, वाद कमी. नसेल तर पैसे मोजण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जातं, तिथंही गाडी बघतात. जुन्या डिस्क भंगारात देऊ नका. माझ्या माळ्यावर आहेत, घासून, रंगवून.

राहिली स्टेपनी. ती तेराचीच ठेवली, डिकीत चौदाची नीट बसत नव्हती. गेल्या श्रावणात कणकुंबीच्या अलीकडं पुढचं उजवं चाक बसलं. अलॉयची नटांची भोकं अरुंद, त्यात २१ चा पाना जात नाही, म्हणून त्या डिस्कला बारीक, चावीनं फिरणारे नट होते. ते स्टेपनीच्या पत्र्याच्या डिस्कला लावायला गेलो तर भोकातून आरपार! पाऊस, मी, बायको आणि चार निरुपयोगी नट. जांबोटीहून एक जीपवाला आला, त्याच्याकडं जुने नट निघाले म्हणून सुटलो. स्टेपनी पुढं लावायची नसते हेही त्यानंच आठवण करून दिलं: व्यासात दहा मिमीचा फरक, पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ, दोन्ही बाजूंचे फेरे जुळत नाहीत. मागचं चांगलं चाक काढून पुढं घेतलं, स्टेपनी मागं टाकली आणि चाळीसच्या वर न जाता घरी आलो.

तेव्हापासून मूळचे चार नट, २१ चा पाना आणि अलॉयच्या नटांची चावी एका फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या सीटखाली आहेत. फडकं लाल आहे, अंधारात सापडावं म्हणून.