चिरेखाणीत लाटा येत नाहीत

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला माझं फील्डवर्क मालवण तालुक्यात लागलं. विषय होता, मुलं बुडू नयेत म्हणून जनजागृती. मी सांगलीची. कोकण म्हणजे समुद्र आणि बुडणं म्हणजे लाटा, एवढंच डोक्यात. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ती बातमी मनात घट्ट बसलेली. पहिल्याच शाळेत अर्धा तास लाटांवर बोलले. २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही ठोकून दिला. पोरं खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मॅडम, आमच्या खाणीत खंय लाटा येतत?"

या कामात नवीन येणाऱ्यांना मी आधी हा प्रश्न ऐकवते.

खाण म्हणजे चिरेखाण. बांधकामाच्या चिऱ्यांसाठी जांभा दगड यंत्राने उभा कापतात, त्यामुळे खड्ड्याच्या बाजू घराच्या भिंतीसारख्या सरळ. काम बंद पडलं की पावसात ती भरते. तळ्याला निदान उतार असतो. इथे काठावरचं पुढचं पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात. पाणी गढूळ, आत गेलेलं पोर वरून दिसत नाही. आणि ओल्या, बुळबुळीत कडेला हाताला पकड मिळत नाही, म्हणून पोहणारासुद्धा दमेपर्यंत भिंतीशी झटतो. मी पहिल्यांदा काठावर उभी राहिले तेव्हा समोर दोन शर्ट आणि एक दप्तर काढून ठेवलेलं होतं. मुलं पलीकडच्या काजूखाली बसून मी कधी जाते याची वाट बघत होती.

तेव्हा भाषण लिहायच्या आधी गाव पायी फिरा. नकाशा मुलांकडून काढून घ्या, मोठ्यांकडून नको. मोठे नदी आणि समुद्र सांगतात. मुलं व्हाळाची कोंड, म्हणजे ओढ्यातला खोल डोह, दाखवतात, कठडा नसलेली बागेतली विहीर दाखवतात. एकच अट, त्या वेळी गुरुजी वर्गात नकोत. मी त्यांना चहाला पाठवलं आणि पाच मिनिटांत फळा भरला.

वेळ निवडण्यात मी सपशेल आपटले. संयुक्त राष्ट्रांनी २०२१पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवलाय, म्हणून त्याच दिवशी कार्यक्रम ठेवला. गावात भाताची लावणी चालू. सभागृहात सरपंच, ग्रामसेवक आणि मी! दुसऱ्या दिवसापासून बांधावर जायला लागले, आणि बरं झालं. आई चिखलात, दोन वर्षांचं पोर घरी आजीपाशी, आजीला दिसतं कमी, घरामागच्या परड्यात आड, म्हणजे लहान विहीर, उघडा. एवढ्या लहानांसाठी पोहण्याचे धडे काय कामाचे? आडावर जाळी आणि लावणीच्या दिवसांत सांभाळायला ठरलेलं एक माणूस हवं. हे माझ्यापेक्षा अंगणवाडीच्या ताई जास्त चांगलं पटवतात. सहा वर्षांपुढच्या मुलांना मात्र पोहणं शिकवावं. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमान्यांची मुलं येतात, त्यांना वेगळं गाठा. गावच्या भावंडांच्या मागे ती डोळे मिटून उडी मारतात.

पालकांना एक गोष्ट पटायला वेळ लागतो. बुडणारं मूल "वाचवा" म्हणून ओरडत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात जेमतेम श्वास घेता येतो, आवाजाला जागाच नसते. म्हणून "ओरडलं तर ऐकू येईल" हा भरवसा फोल. मी हे सांगताना वर्गात अर्धं मिनिट गप्प उभी राहते. तेवढं पुरतं.

मुलांना सर्वांत आवडतो तो डब्याचा खेळ. पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा, तळाला वाटीभर पाणी म्हणजे फेकताना वाऱ्याने भरकटत नाही, झाकण घट्ट, कडीला दोर. मित्र बुडत असेल तर उडी मारायची नाही. डबा टाकायचा, नाहीतर पालथं पडून काठी पुढे करायची, आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. एकामागोमाग दोघं-तिघं जातात ती या उडीपायीच. बाहेर काढलेल्याला उलटं धरून फिरवणं, पोट दाबणं बंद. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, दुसऱ्याने १०८ लावायचा. हा भाग तुम्ही शिकवू नका. आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षित माणसाला सरावाची बाहुली घेऊन बोलवा.

समुद्राचं काय, तर तिथे बोलायला रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, उभं करा. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीचा भांग म्हणजे कमी जोराची भरती, तिथीच्या आकड्याच्या पाऊणपटीने भरतीची ढोबळ वेळ, हे ते बोटांवर सांगतात. लाटा फुटत नाहीत ती शांत पट्टी पाहुण्यांना सुरक्षित वाटते. बरेचदा पाणी तिथूनच आत ओढत असतं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर जाऊन मग बाहेर या.

त्या खाणीकाठच्या काजूला आम्ही डबा टांगला. पहिले दोन कुणीतरी तेलासाठी घरी नेले. तिसऱ्याला लाल रंग फासून वर शाळेचं नाव घातलं, तो अजून आहे. दोर उन्हाने कुजतो, म्हणून मे संपता संपता सातवीची मुलं तो बदलतात आणि मला फोटो पाठवतात.