सहा तासांचा स्कॅन आणि सगळीकडे ३०२

चार वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करून मी सिक्युरिटीकडे वळले. पहिलं काम हाती आलं ते फी भरण्याच्या एका पोर्टलचं. झॅप, म्हणजे वेबसाइटमधल्या सुरक्षेच्या त्रुटी आपोआप शोधणारं टूल, आधीच शिकून ठेवलं होतं. ब्राउझरमधून लॉगिन करून दिलं, स्पायडर (लिंकामागून लिंका उघडत पानं गोळा करणारा भाग) सोडला, मग अ‍ॅक्टिव्ह स्कॅन (त्या पानांवर हल्ल्यासारख्या रिक्वेस्ट पाठवणारी तपासणी) लावला आणि हिंजवडीहून घरी निघाले. सकाळी रिपोर्ट तयार. हाय, म्हणजे गंभीर त्रुटी, एकही नाही, मीडियम दोन-चार, बाकी हेडरची किरकोळ कुरकुर. मी खूश.

आमच्या मॅडमनी रिपोर्ट बाजूला सारला आणि स्कॅनने पाठवलेल्या रिक्वेस्टची यादी उघडली. "अगं, या सगळ्यांना ३०२ का येतंय?"

स्पायडरने इतर लिंकांबरोबर 'लॉगआउट'चीही लिंक उघडली होती. त्यानंतरचे सहा तास स्कॅनर प्रत्येक पान मागत होता आणि सर्व्हर त्याला ३०२, म्हणजे 'दुसऱ्या पानावर जा', सांगून निमूटपणे लॉगिनच्या पानावर परत पाठवत होता. म्हणजे मी फक्त पोर्टलचा दरवाजा तपासला होता, तोही शेकडो वेळा.

कोणतं टूल घेऊ, असं नवीन मुलं विचारतात तेव्हा मी उलट विचारते: तुझ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये लॉगिन कसं होतं? साधा युजरनेम-पासवर्डचा फॉर्म असेल तर झॅपमध्ये कॉन्टेक्स्ट बनवता येतो. त्यात युजर टाकायचा, लॉगआउटचा पत्ता वगळायचा आणि लॉगिन शाबूत असल्याची खूण सांगायची, उदाहरणार्थ पानावर दिसणारं 'माझं खातं'. ती खूण गायब झाली की झॅप पुन्हा लॉगिन करतं. सिंगल साइन-ऑनसारखं (एकाच लॉगिनने अनेक साइट) गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर बर्प या दुसऱ्या टूलच्या विकतच्या प्रोफेशनल आवृत्तीत लॉगिनच्या पायऱ्या रेकॉर्ड करून देता येतात. ओटीपी आणि कॅप्चाशी मात्र झगडत बसू नका. डेव्हलपरला सांगून स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर) कॅप्चा बंद आणि ओटीपी ठरावीक करून घ्या. मी पहिल्यांदा हे मागायला लाजले आणि दोन दिवस घालवले.

दुसरा प्रश्न, पानं बनतात कुठे? रिअ‍ॅक्ट किंवा अँग्युलरमधलं अ‍ॅप असेल तर सर्व्हरकडून येणारं एचटीएमएल जवळजवळ रिकामं असतं. साध्या स्पायडरला त्यात लिंकाच सापडत नाहीत. तिथे खरा ब्राउझर चालवणारा अजॅक्स स्पायडर लागतो. त्याहून बरं म्हणजे एपीआयची ओपनएपीआय फाइल (सर्व्हरकडे काय-काय आणि कसं मागता येतं याची यादी) मिळवायची आणि थेट इंपोर्ट करायची. ही फाइल बहुतेक टीमकडे असते, फक्त कुणी मागत नाही.

आता पैशांचं. झॅप फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१० पासून आहे, आणि नोकरी शोधणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. बर्पची कम्युनिटी आवृत्तीही फुकट आहे, पण तिच्यात स्कॅनर नाही. मी स्वतः अख्खी संध्याकाळ स्कॅनचं बटण शोधत होते, म्हणून सांगते. रिक्वेस्ट हातात धरून बदलायला मात्र ती उत्तम. शिवाय बर्प बनवणाऱ्या पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकादमी फुकट आहे, आणि मी भरलेल्या क्लासच्या फीपेक्षा तिथल्या लॅब्सनी मला जास्त शिकवलं.

निक्टो आणि न्यूक्ली ही नावं कानावर येतील. निक्टो सर्व्हरवर उघड्या राहिलेल्या फायली आणि जुन्या आवृत्त्या हुडकतो. न्यूक्ली यामल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेल्या टेम्प्लेटवर चालतं आणि आधीच जाहीर झालेल्या त्रुटी पटकन शोधतं. तुमच्या डेव्हलपरने गेल्या आठवड्यात केलेली चूक शोधणं हे मुख्यतः या दोघांचं काम नव्हे.

निक्टोवरून आठवलं. काही साइट नसलेलं पान मागितलं तरी ४०४ ('सापडलं नाही') न देता २०० ('सगळं ठीक') देतात आणि 'अरेरे, पान सापडलं नाही' असं सुंदर चित्र दाखवतात. स्कॅनर २०० बघून मोकळा होतो: फाइल आहे! अशा एका साइटवर मला भलीमोठी यादी मिळाली होती. त्यातलं खरं काहीच नव्हतं. सर्व्हर मुळातच रेंगाळत असेल तर उत्तराला लागणारा वेळ मोजून ओळखल्या जाणाऱ्या एसक्यूएल इंजेक्शनचंही (डेटाबेसला बाहेरून घुसवलेल्या आज्ञा) असंच होतं. म्हणून प्रत्येक हाय हाताने पुन्हा करून बघायची. स्कॅनरचा पीडीएफ जसाच्या तसा क्लायंटला पाठवणारा माणूस दुसऱ्या मीटिंगमध्ये उघडा पडतो.

दोन टूल्सची तुलना करायची तर डीव्हीडब्ल्यूए किंवा ज्यूस शॉप ही मुद्दाम भोकं ठेवलेली अ‍ॅप्स आपल्याच लॅपटॉपवर चालवा. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेचा बेंचमार्क आणखी उपयोगी. त्याच्या १.२ आवृत्तीत २,७४० चाचण्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जाणूनबुजून निर्दोष आहेत. त्यामुळे टूल किती पकडतं एवढंच नाही, उगाच किती ओरडतं तेही दिसतं.

आपल्या गावच्या पतपेढीच्या किंवा कॉलेजच्या साइटवर 'जरा बघतो' म्हणून स्कॅन लावू नका. आयटी कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय केलेला असा प्रवेश येतो, आणि तो अप्रामाणिक हेतूने केल्याचं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानगी लेखी हवी, पत्ते आणि तारखांसकट. स्टेजिंगवरही अ‍ॅक्टिव्ह स्कॅन फॉर्म भरत सुटतो. आमच्या एका स्कॅनने 'संपर्क साधा'चा फॉर्म इतक्यांदा पाठवला की सपोर्टच्या मुलीचा मेलबॉक्स भरून गेला. तिला चहा पाजून माफी मागावी लागली.

त्या फी पोर्टलचं पुढे काय झालं? लॉगिन नीट लावून पुन्हा स्कॅन केला. एक एक्सएसएस (पानात परकी स्क्रिप्ट घुसवता येण्याची त्रुटी) सापडला. मग मॅडमनी दोन विद्यार्थ्यांची खाती बनवायला लावली. पहिल्या खात्यातून पावती उघडली, पत्त्यातला पावती क्रमांक एकाने वाढवला, आणि दुसऱ्याची पावती समोर आली, नाव, वर्ग, रक्कम सगळ्यासकट. स्कॅनरने ते पान तपासलं होतं. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक होतं: २०० आला, एरर नाही, स्क्रिप्ट नाही. पावती कुणाची, हे त्याला कुठून कळणार? ओवास्पच्या २०२१ च्या टॉप टेनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेमका हाच प्रकार आहे, ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल.

तेव्हापासून काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी क्लायंटला माझा एक ठरलेला मेल जातो: प्रत्येक भूमिकेची दोन-दोन खाती, ठरावीक ओटीपी, ओपनएपीआय फाइल, आणि स्कॅन कोणत्या वेळात चालवलेला चालेल. टूल कोणतं वापरणार ते मी त्यात लिहीत नाही. उत्तरं आल्यावर ठरवते.